आम्हाला साधं पाणी

तंजावूरला जाणाऱ्यांनी देवळाची माहिती कुठूनही मिळवावी, ती भरपूर आहे. पाण्याची माहिती मात्र माझ्याकडून घ्या, कारण ती कुणी देत नाही.

खानावळीत टेकल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, "सुडु तण्णी की पच्चै तण्णी?" तण्णी म्हणजे पाणी एवढं मला ठाऊक होतं. 'सुडु'त मला 'सूड' ऐकू आला आणि मी दचकले. मोबाइलला विचारलं, तर त्याने सुडु म्हणजे गरम असं सांगितलं आणि पच्चै तण्णीचा अर्थ 'हिरवं पाणी' असा दिला. हिरवं म्हणजे कच्चं, न उकळलेलं. थोडक्यात आपलं साधं पाणी. उत्तर द्यायला उशीर झाला तर बंद बाटली न मागताही आणून ठेवतात, पण झाकण फिरवल्याशिवाय ती तुमची होत नाही. आणि टिपेचं म्हणाल तर आपल्याकडे बिलाबरोबर बडीशेपेची बशी येते, तिच्यात नोट सरकवून आपण मोकळे होतो. तिथल्या छोट्या मेसमध्ये बशीच नसते. बिल गल्ल्यावर द्यायचं, आणि वाढणाऱ्याला काही द्यायचं तर कुठे, कसं, हे तुमचं तुम्ही बघायचं.

एरवी हे सगळं ताई बघायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती मराठी शिकवायची, मी विज्ञान. तिचे यजमान लवकर गेले, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे मिरजेला आम्ही एकत्र राहतो आणि वर्षातून एकदा एकत्र फिरतो. हॉटेलात मागवणार ती, पाण्याचा पेला हाताने चाचपून बघणार ती, टीप किती ठेवायची ते ठरवणार ती. मी नकाशा धरणार. तंजावूर तिनेच ठरवलं होतं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेले मराठी लोक अजून कसं बोलतात, ते तिला एकदा कानांनी ऐकायचं होतं.

पण तिकिटं काढायच्या आधीच ताईची मूत्रपिंडं थकली. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही, ते अंगात साठतं आणि छातीत उतरतं, म्हणून दिवसभराचं पाणी मोजून. एका बाटलीवर मी काळ्या पेनने रेघ मारली आहे, तिच्या वर एक घोटही नाही. उन्हाळ्यात एकदा ताईने कुंड्यांना घालायच्या झारीतलं पाणी पिऊन टाकलं आणि तिला श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही. त्या दिवसापासून मी घरातल्या नळांवर पहारा देते आणि ताई मला जेलर म्हणते.

"तू जा," तीच म्हणाली. "चार दिवस मला तुझ्या डोळ्यांपासून सुट्टी दे. मुग्धा येईल राहायला. आणि तिथे पोटभर पाणी पी. माझ्या वाटचंही."

मुग्धा तिची लेक. मी तिला बाटली दाखवली, रेघ दाखवली, नळ दाखवले, आणि निघाले.

पहिला दिवस, राजवाड्यामागची गल्ली

मोठ्या देवळाच्या अंगणात अनवाणी जायचं असतं, आणि भर बाराला जाऊ नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फरशी तव्यासारखी तापलेली. मी उड्या मारतच बाहेर आले. वाचलेल्या वर्णनातलं मी नेमकं काय पाहिलं, विचाराल तर सांगता येणार नाही. सावली कुठे आहे तेवढं मी नीट पाहिलं.

राजवाड्यामागे एका गल्लीत वळले आणि गजबजाट एकदम बंद झाला. दुकानांचे दरवाजे अर्धे ओढलेले, माणूस नाही, एक स्कूटर मधोमध उभी. आतून कुठून तरी स्टीलचं भांडं घासल्याचा आवाज तेवढा येत होता. त्या आवाजामागे गेले तर मेस निघाली. चार टेबलं, केळीची पानं, आणि प्रत्येक जागेवर एक पालथा पेला.

पालथ्या पेल्याची तिथली रीत अशी: बसणारा आला की पेला सुलटा करायचा, मग पाणी मिळतं. पुरे झालं की पुन्हा पालथा घालायचा, मग कुणी विचारत नाही. मला हे फार आवडलं. बोलायला नको, मान हलवायला नको.

"आई गं, पाय!" म्हणत मी खिडकीजवळ बसले.

"फार पोळले की?" मागून मराठीतच प्रश्न आला. सत्तरीचा, सडसडीत, पांढरी वेष्टी नेसलेला माणूस हातात तांब्याची कळशी घेऊन उभा होता. "'आई गं' म्हणालां म्हणून ओळखलें. तमिळ मनुष्य 'अय्यो' म्हणतो. कोठून आलां?"

शब्द सगळे ओळखीचे, पण वाक्याचं शेपूट तमिळसारखं वर जाणारं. ताई इथे हवी होती असं वाटलं.

"मिरजेहून. आम्हाला आधी साधं पाणी द्या."

"तुम्हांस. सेरि, बरें," तो म्हणाला. त्याने माझा पेला सुलटा केला, मग समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचाही सुलटा केला, आणि दोन्ही काठोकाठ भरले. मला वाटलं, टेबलावर आणखी कुणाला बसवणार असेल. पाण्याला वाळ्याचा मंद वास होता. मी तहानेने अर्धमेली झाले होते. तिथल्या रीतीप्रमाणे पेला ओठांना न लावता वरून ओतायला गेले आणि निम्मं पाणी पदरावर घेतलं.

जेवण साधं आणि फार चांगलं होतं. आंबटगोड सार, कच्च्या केळ्याची भाजी, डांगराची पचडी, भात. हा माणूस फक्त पाणी वाढत होता, बाकीचं आतून एक बाई आणून द्यायच्या. समोर शेवटपर्यंत कुणी बसलं नाही.

उठताना मी दहाची नोट पानाशेजारी ठेवली आणि त्याला म्हणाले, "ठेवा तुम्हाला."

तो नोटेकडे बघत राहिला. "ठेवूं?"

"हो, ठेवा."

"पानाजवळ नको, उष्टें होतें," असं म्हणत त्याने नोट उचलली आणि समोरच्या पेल्याखाली सरकवली. "ठेवलें."

तेव्हा माझं लक्ष गेलं. काठोकाठ भरलेला तो पेला निम्मा झाला होता.

संध्याकाळी ताईला फोन लावला. खाण्याचं वर्णन ऐकून झाल्यावर ती सहज म्हणाली, "आज दुपारी तहान लागलीच नाही गं. बाटली अर्धी तशीच आहे."

माझा विश्वास बसला नाही. तहान न लागण्याचा अर्थ माझ्या लेखी एकच: ती दुसरीकडे कुठे तरी प्यायली. मी मुग्धाला फोन घ्यायला सांगितला आणि बाथरूमला बाहेरून कडी घालायची आठवण करून दिली.

दुसरा दिवस, तेच टेबल

सकाळी मुग्धाने कळवलं की वजन अजिबात वाढलेलं नाही. म्हणजे जास्तीचं पाणी अंगात गेलेलं नव्हतं, ताई खरं बोलत होती. मला बरं वाटायला हवं होतं.

राजवाडा पाहिला, मोडीतले कागद काचेआडून पाहिले, आणि बारा वाजता पाय आपोआप त्याच गल्लीत वळले. ती स्कूटर तिथेच, तशीच. खिडकीजवळच्या टेबलावर माझा पेला पालथा होता, समोरचा पाणीवाल्याने मला दारात पाहताच सुलटा करून भरला. खाली कालची नोट, एक कोपरा ओला झालेला.

टीप नाकारली म्हणून मला राग आला. कमी वाटली असेल, तर तसं सांगावं. मी पेल्याशेजारी आणखी एक नोट ठेवली. पाणीवाल्याने ती पाहिली, मान डोलावली आणि हीही पेल्याखाली नीट सरकवली.

मी एकतीस वर्षं मुलांना बाष्पीभवन शिकवलं आहे. पेला तासाभरात निम्मा होत नाही, पंख्याखालीही नाही. म्हणून त्या दिवशी मी जेवण कमी आणि निरीक्षण जास्त केलं. पेल्याला गळती नव्हती, बाहेरून तो कोरडा होता. मी दुसऱ्या खुर्चीला हातही लावला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाणी हललं नाही. मग त्या बाई पायसम घेऊन आल्या, मी वाटी हातात घेतली, 'पुरे' म्हणाले आणि परत पाहिलं. पाणी दोन बोटं खाली गेलं होतं. पृष्ठभाग हलकासा डुलत होता, नुकताच कुणी पेला टेकवल्यावर डुलतो तसा.

काठावर ओठांची खूण आहे का ते बघायला मी वाकले. नव्हती. मग आठवलं, इथे वरूनच पितात.

तिथूनच ताईला फोन लावला.

"बरी आहेस ना?"

"छान आहे," ताई म्हणाली. आवाज ओलसर होता. गेल्या कित्येक महिन्यांत तिचा आवाज असा नव्हता; कोरड्या जिभेने बोलणारं माणूस वेगळं ऐकू येतं. "एक सांग. तिथे पाण्यात वाळा घालतात का?"

मी तिला वाळ्याचं बोलले नव्हते. कालचा फोन मी शब्दन्‌शब्द आठवून पाहिला. नव्हते बोलले.

"का गं?"

"काही नाही. तोंडाला आपलं उगीच वाटलं. वाळा आणि तांब्याची कळशी."

मी पैसे देऊन बाहेर आले. सरळ सांगते, मी घाबरले होते.

तिसरा दिवस, तिरुवैयारु

म्हणून तिसऱ्या दिवशी मी गाव सोडलं. बसने अर्ध्या तासावर कावेरीकाठी तिरुवैयारु आहे. नदीत पाणी कमी, वाळू जास्त. एका घरातून गाणं शिकवल्याचा आवाज येत होता. शिकवणाऱ्या बाई तीच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायला लावत होत्या आणि मुलगी दर वेळी त्याच जागी चुकत होती. शिकवण्याचे आवाज मला ओळखीचे वाटतात, मी पायरीवर बराच वेळ बसले.

जेवायला मुद्दाम रस्त्यावरचं वातानुकूलित हॉटेल गाठलं. दारातल्या मुलाने किती जण विचारल्यावर मी एक बोट वर केलं आणि मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सांगितलं, मी, एकटी, एक. त्याने बंद बाटली आणली, झाकण माझ्यासमोर फिरवलं, एकच पेला भरला. पेला भरलेला राहिला तो मी पिईपर्यंत. शेवटी बडीशेपेची बशी आली, मी टीप ठेवली, त्याने उजव्या हाताने उचलली आणि हसला. सगळं रीतसर झालं, आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात मुग्धाचा फोन.

"मावशी, आई ऐकत नाहीये. बारापासून तहान तहान करतेय. बाटली संपली. मी बर्फाचे तुकडे दिले, तेही संपले. नुसती घरभर फिरतेय."

"किती वाजता सुरू झालं म्हणालीस?"

"बारा. बाराच्या ठोक्याला."

मी बससाठी धावले. साठी उलटल्यावर धावताना माणूस कसं दिसतं याची पर्वा केली नाही. बसमध्ये उभ्याने मला एवढंच दिसत होतं, की खिडकीजवळच्या टेबलावर आज कुणी पाणी मागितलेलं नाही. विज्ञानाच्या बाईंनी असा विचार करणं शोभत नाही, हेही कळत होतं.

गल्लीत पोचले तेव्हा मेस बंद झाली होती. मी कडी वाजवली. पाणीवाल्यानेच दार उघडलं. टेबलं पुसलेली, सगळे पेले पालथे, खिडकीजवळचा समोरचा तोही. शेजारी माझ्या दोन नोटा दोऱ्याने बांधून ठेवलेल्या.

"आम्हाला पाणी द्या," मी म्हणाले. "आम्हाला. दोघींना."

त्याने कारण विचारलं नाही. आत जाऊन कळशी घेऊन आला. तेवढ्यात मी मुग्धाला फोन लावला. ती रडत होती. "मावशी, ती बाथरूमच्या दारात बसलीय. बादली घट्ट धरलीय. मी ओढतेय, पण सोडत नाही. केवढी ताकद आलीय तिच्यात!"

पेला भरल्याचा आवाज झाला.

"बाई," पाणीवाला हळूच म्हणाला, "तोंड फिरवा तिकडे."

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर एक जुनं दिनदर्शिकेचं पान होतं, त्यातला एकही अंक मला दिसला नाही. कानाशी मुग्धाचं रडणं. आणि माझ्या पाठीमागे, त्या रिकाम्या खोलीत, कुणी तरी एक घोट घेतला. मग दुसरा. घाईने पिणाऱ्या माणसाच्या घशाचा जो आवाज होतो, तोच.

"मावशी," मुग्धा म्हणाली. "सोडली. बादली सोडली तिने. डोळे मिटून बसलीय. 'पुरे झालं' म्हणतेय."

मी तिथल्या तिथे बसले आणि रडले. आनंद झाला की भीती वाटली, हे विचारू नका. दोन्ही.

डोळे पुसून मी विचारलं, "तुम्ही पहिल्या दिवशी दोन पेले का भरलेत?"

"तुम्हीच म्हणालां की, 'आम्हाला पाणी'. एक मनुष्य 'मला' म्हणतो. दोघांस मागितलें, दोघांस वाढलें."

खरंच होतं. उभ्या जन्मात मी हॉटेलात पाणी मागितलं नव्हतं. ताई मागायची, आणि ती नेहमी 'आम्हाला' म्हणायची. पहिल्यांदा मागायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून तिचंच वाक्य निघालं.

मग त्याने स्वतःविषयी सांगितलं. त्याचं नाव नागोजीराव. तो वाढपी नव्हता, मेसचा मालक होता. सरकारी कचेरीतली नोकरी संपल्यावर ही मेस काढली. वाढायला बायको आणि सून, पाणी मात्र तो स्वतःच वाढतो. मी मालकाला टीप देत होते हे कळून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टिप्स होती की ती?" तो खळखळून हसला. "मला वाटलें, तुम्ही ठेव ठेवतां. 'ठेवा, ठेवा' म्हणालां. म्हणून ठेवलें. परत याल तेव्हां द्यावयाचें."

"आणि पाणी कोण पितं?"

त्याचं हसू थांबलं. "ओरत्तनाडूस राजांचें छत्र होतें, तेथें वाटसरूंस जेवूं घालीत. आमचे पणजे तेथें पाणी वाढीत. त्यांचा नेम आमच्या घरांत अजून आहे. पाणी मागणाऱ्याचें नांव विचारावयाचें नाही. तोंड पाहावयाचें नाही. मोजावयाचें नाही."

"तोंड का पाहायचं नाही?"

"मागणारा दर वेळीं दिसतोच असें नाही, बाई."

मला त्याहून 'मोजावयाचें नाही' जास्त लागलं. माझ्या डोळ्यांसमोर ती काळी रेघ आली. मी ती ताईच्या जिवासाठी मारली होती, आजही मारीन. पण बहिणीच्या पाण्यावर रेघ मारणारी मीच, हेही खरं आहे, आणि ते मी कधी स्वतःशी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. नागोजीरावांना काय द्यावं कळेना. पर्समध्ये होतं नव्हतं ते काढायला लागले, तसा त्यांनी हात आडवा केला. मग मी त्या दोन बांधलेल्या नोटा उचलल्या आणि पुन्हा त्याच पेल्याखाली सरकवल्या.

"मी उद्यापासून नसेन. पण रोज बाराला हा पेला ठेवा," मी म्हणाले. या वेळी काय म्हणते आहे, ते मला नीट कळत होतं.

"ठेवतों," नागोजीराव म्हणाले. "तुमचे अक्कास सांगा, सावकाश प्यावें."

मिरज

ताईला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिने विचारलं ते तिकडच्या मराठीविषयी. मी तिला 'आलां', 'म्हणालां' म्हणून दाखवलं आणि ती लहान मुलीसारखी खूश झाली. डायलिसिस चालू आहे, आजार आहे तिथेच आहे. पण बाटलीतलं पाणी आता रेघेच्या खालीच उरतं. नळांवरचा पहारा मी उठवला आहे.

परवा दुपारी आम्ही जेवत होतो. ताईपुढे तिचा पेला होता, कोरडा, त्यात मी अजून काही ओतलं नव्हतं. बाराचे ठोके पडले. ताईने मान किंचित मागे टाकली, डोळे मिटले. मी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने टेबलावर काही तरी वाजलं म्हणून वळले, तर तिने तो कोरडा पेला पालथा घातला होता. जेवण झाल्यावर मी तो उचलला. खाली लाकडावर पाण्याचं गोल कडं उमटलं होतं.

तर तंजावूरला जाणाऱ्यांनो, राजवाड्यामागची ती मेस शोधून जरूर जेवा. सार चुकवू नका. एकटे असाल तर 'मला पाणी' म्हणा, 'आम्हाला' म्हणू नका. मालकाला टीप देऊ नका, हसेल. आणि खिडकीजवळच्या टेबलावर सगळे पेले पालथे असताना एकच सुलटा, भरलेला दिसला, तर कृपा करून त्या जागी बसू नका. माझी ताई पाणी पीत असेल.